धुरकट दिव्यांची शिकाऊ गाडी

मास्तरीणबाईंच्या गाडीला नापास केलं ते त्यांच्याच एका विद्यार्थिनीनं.

आता ती विद्यार्थिनी राहिली नव्हती म्हणा. वाहन तपासणी केंद्रावर अधिकारी झाली होती, छातीवर बिल्ला होता, हाताखाली दोन माणसं होती. पण नऊ वर्षांपूर्वी याच छोट्या पांढऱ्या गाडीत बसून तिनं बाईंकडून ड्रायव्हिंगचे धडे घेतले होते आणि एकदा भर चौकात गाडी बंद पडली म्हणून स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलीही होती. त्यामुळे यंदा गाडी तपासणीला नेताना बाई अगदी निर्धास्त होत्या. घरचंच माणूस आहे, दहा मिनिटांत सुटू, असं त्या नणंदेला सांगून निघाल्या होत्या.

मुलीनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, गुडघ्याची चौकशी केली. मग ब्रेक पाहिले, टायर पाहिले, आरसे, हॉर्न, वायपर, सगळं एकेक करून पाहिलं आणि शेवटी दिवे लावायला सांगितले. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर उजेडाची नीट कापल्यासारखी पट्टी पडायला हवी होती. पडला तो नुसता पिवळा डाग, कोणी भिंतीवर चहा फेकावा तसा. शेजारच्या यंत्रावरचा आकडा हवा त्याच्या निम्म्यावरही चढला नाही.

मुलगी म्हणाली, "बाई, दिवे नाही चालणार."

बाईंनी तिला समजावून पाहिलं. आपली शिकवणी दिवसाउजेडी असते, अंधार पडायच्या आत गाडी दाराशी उभी असते, दिव्यांचं एवढं काय घेऊन बसलीस, असं सगळं बोलून झालं. मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"समोरचं नीट दिसत नसेल तर किल्ली खिशात ठेवायची, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

बाई हे वाक्य गेली बावीस वर्षं प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगत आल्या होत्या. मुलीनं पंधरा दिवसांची मुदत दिली. तोवर या गाडीत शिकाऊ माणूस बसवायचा नाही, असं कागदावर लिहून खाली सही केली. घरी परतताना बाईंना तिचा भयंकर राग येत होता आणि मधूनच अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही एकदम वाटत असल्यामुळे त्यांनी एका वळणावर दिशा दाखवायचा दिवा लावलाच नाही.

बाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी एकच होती आणि माणसं दोन. शिकवण्याचं काम बाईंचं. फोन, वेळापत्रक आणि जगाला सल्ले देण्याचं खातं त्यांच्या मोठ्या नणंदेकडे. नणंद टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. तिचा आवाज इतका स्वच्छ, की नवीन माणसाला वाटे आपण चुकून विमानतळावर फोन लावला. भाऊ गेल्यानंतर ती वहिनीसोबत राहायला आली ती दोन महिन्यांसाठी, आणि आता त्याला आठ वर्षं झाली होती. दोघींचं दिवसातून चारदा वाजायचं आणि पाचव्यांदा दोघी मिळून तिसऱ्या कोणावर तरी तुटून पडायच्या.

बाईंना आधी वाटलं, बल्ब गेले असतील. नवे बल्ब घातले, फरक शून्य. मग दोघी गाडीसमोर उकिडव्या बसल्या आणि गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच बाईंनी दिव्यांकडे नीट पाहिलं. दिव्यावरची काच, म्हणजे काचेसारखं दिसणारं प्लास्टिक, पार धुरकट झालं होतं. वरच्या बाजूला पिवळं, कडेला बारीक तडे गेल्यासारखं खरबरीत. चौदा वर्षं गाडी दारात उभी राहायची ती तोंड पश्चिमेकडे करून, आणि दुपारचं सगळं ऊन थेट त्या दोन दिव्यांवर.

नणंदेनं फोनवर एक व्हिडिओ शोधून काढला आणि दात घासायच्या पेस्टची नवीकोरी ट्यूब आणून अर्धा तास दिवे घासले. खरंच चमक आली. बाईंनी तोंडभरून कौतुकही केलं. पण चार-पाच दिवसांत दिवे पुन्हा पहिल्यासारखे, उलट आधीपेक्षा जरा जास्तच मळकट. मुदतीतले सहा दिवस असे गेले. सातव्या दिवशी, बाई आंघोळीला गेलेल्या असताना, नणंदेनं आणखी एका व्हिडिओच्या भरवशावर दिव्यांवर मच्छर मारायचा फवारा मारला आणि फडक्यानं पुसला. दिवे असे लखलखले की तिनं शेजारणीला हाक मारून दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चिकट झाले होते, त्यावर रस्त्यावरची धूळ बसली होती आणि डाव्या दिव्यावर एक माशी कायमची मुक्कामाला आली होती.

नवे दिवे बसवून टाकावेत म्हणून बाईंनी सुट्या भागांच्या दुकानात विचारलं. या मॉडेलचे दिवे मागवावे लागतील, महिना सहज लागेल, असं उत्तर मिळालं. मग दुकानदारानंच रंगाऱ्याचं नाव काढलं. मागच्या गल्लीतला रंगारी हे काम करतो, त्याच्यासारखा हात कोणाचा नाही.

बाईंचं तोंड उतरलं. मागच्या गल्लीतल्या रंगाऱ्याला त्या चांगल्या ओळखून होत्या. तो तिथे तीस वर्षं गाड्या रंगवत होता आणि त्याची गल्ली सरळ, रुंद आणि शांत असल्यामुळे बाई पूर्वी विद्यार्थ्यांना गाडी मागे घ्यायला तिथेच शिकवत. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी तो हातातल्या स्प्रे गनसकट बाहेर आला आणि तुमची पोरं धूळ उडवतात, ती माझ्या ओल्या रंगावर बसते, ही गल्ली आहे की सर्कस, असं सगळ्यांदेखत म्हणाला. त्या दिवसापासून बाईंनी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

आता टाकावं लागलं. नणंदेला बरोबर घेऊन बाई गाडीसह शेडच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. रंगारी बुटका, रुंद खांद्यांचा, साठीला टेकलेला माणूस. भुवयांवर कुठल्या तरी गाडीचा निळा रंग. त्यानं बाईंना ओळखलं आणि सरळ दिव्यासमोर बसला. काचेवरून नख फिरवलं, मग वास घेतला.

"याच्यावर काय मारलंय?"

नणंद छताकडे बघू लागली. बाईंनी सगळं खरं सांगितलं. रंगारी हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्या. मग त्यानं जे सांगितलं ते असं. हे प्लास्टिक मुळात उन्हाला कच्चं असतं. म्हणून कारखान्यातून येतानाच त्याच्यावर एक पातळ, पारदर्शक थर दिलेला असतो, तो ऊन अंगावर घेतो. काही वर्षांत तो थर झिजतो, मग ऊन आतल्या प्लास्टिकला खातं. तुम्ही पेस्टनं घासलंत म्हणजे मळ गेला आणि त्याबरोबर उरलासुरला थरही गेला. अंगावरचा कोट काढून माणसाला उन्हात उभं केलं. फवाऱ्यानं तर प्लास्टिकची वरची कातडीच विरघळली. आता सगळं घासून काढायचं, पार आतलं निरोगी प्लास्टिक लागेपर्यंत, आणि वर नवा थर द्यायचा. घासणं कोणीही करतं. थर द्यायला लोक विसरतात आणि दोन महिन्यांनी पुन्हा येऊन नशिबाला दोष देतात.

काम घेतो म्हणाला. गाडी आत घ्यायला हवी होती. बाई किल्ली त्याच्या हातात देऊन, एका विद्यार्थ्याचा फोन आला म्हणून बाजूला गेल्या. बोलता बोलता त्यांनी सहज मागे पाहिलं.

रंगाऱ्यानं गाडीचं दार उघडलं, पण आत बसला नाही. बाहेरूनच हात घालून गियर काढला, हँडब्रेक सोडला, एका हातानं स्टिअरिंग धरलं आणि दाराच्या चौकटीला खांदा लावून गाडी ढकलू लागला. शेजारच्या दुकानातला सुतार न बोलावता आला आणि मागून रेटू लागला. दोघांचं इतकं बिनबोभाट चाललं होतं की हे रोजचंच काम आहे हे कोणाच्याही लक्षात यावं. नणंदेनं विचारलं तेव्हा रंगारी म्हणाला की इंजिनाचा धूर शेडमध्ये नको, ओल्या रंगाला बाधतो.

नणंदेला ते पटलं. बाईंना पटलं नाही. बावीस वर्षांत त्यांनी हजारभर माणसं गाडीत बसताना पाहिली होती आणि गाडी येणारा माणूस उघड्या दाराकडे कसा बघतो आणि न येणारा कसा बघतो, हे त्यांना पाठीवरूनही ओळखता यायचं. सुतार परत गेल्यावर त्या रंगाऱ्याजवळ गेल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, तुम्हाला गाडी येत नाही."

रंगाऱ्याच्या हातातला पॉलिश पेपर खाली पडला. त्यानं आधी दाराकडे पाहिलं, मग समोरच्या शिंप्याच्या दुकानाकडे. आवाज आणखी हळू करायची खूण केली. मग स्टुलावर बसला आणि हाताच्या बोटांवरचा रंग खरवडत राहिला. तीस वर्षांत हजारो गाड्या या हाताखालून गेल्या, म्हणाला, पण एकही चालवली नाही. गल्लीत कोणाला माहीत नाही. गिऱ्हाईकाला तर नाहीच नाही.

तिथल्या तिथे करार झाला. तो दिवे करून देणार, बाई त्याला गाडी शिकवणार आणि गल्लीत कोणाला कळता कामा नये. नणंदेनं आपण होऊन शपथ घेतली. तिची शपथ कितपत टिकते हे बाईंना माहीत होतं.

बाईंनी एक अट घातली. एक दिवा त्या स्वतःच्या हातानं करणार. जे स्वतःला कळलेलं नाही त्याच्यावर विसंबून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. रंगारी कुरकुरला, पण तयार झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं.

रंगारी कारागीर पहिल्या नंबरचा आणि शिक्षक अगदी शेवटच्या नंबरचा निघाला. दिव्याभोवती चिकटपट्टी लावायला बाईंनी सुरुवात केली की तो त्यांच्या हातातून ती काढून घेई आणि स्वतः लावून मोकळा होई. पेपर पाण्यात बुडवला की तोही हिसकावून घेई. तिसऱ्या वेळी बाईंनी हात मागे घेतला.

"हातातलं काढून घ्यायचं नाही, दादा. तोंडानं सांगायचं. माझ्या शेजारी बसून तुमचं स्टिअरिंग मी असं ओढलं तर?"

रंगाऱ्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि मग कष्टानं, शब्द शोधत शोधत सांगू लागला. आधी जाड पेपर, मग त्याहून बारीक, मग आणखी बारीक. प्रत्येक वेळी पाणी मारत राहायचं, कोरडं घासायचं नाही. एका पेपरनं आडवं, पुढच्यानं उभं, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाहीत ते कळतं. कडेला जोर जास्त, कारण मळ तिथेच लपतो.

पाच मिनिटांत बाईंच्या दिव्यावरून पिवळं दुधासारखं पाणी ओघळायला लागलं. दहा मिनिटांनी पाणी पुसून पाहिलं तर दिवा पूर्ण पांढरा, आरपार काही दिसेना. आधी निदान पिवळा उजेड तरी येत होता. बाईंचा चेहरा पाहून रंगारी पहिल्यांदा मोकळेपणानं हसला आणि म्हणाला की इथेच निम्मे लोक रडतात. बाईंना चौकातली ती मुलगी आठवली आणि त्या मुकाट्यानं पुढचा पेपर भिजवायला लागल्या. तासाभरानं, चौथ्या पेपरनंतर, पांढरेपणा विरत गेला. ओल्या फडक्यानं पुसल्यावर आतला बल्ब, त्याच्या मागची चकचकीत वाटी, सगळं एखाद्या स्वच्छ ओढ्याच्या तळासारखं दिसलं. बाईंनी काचेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

मग शेड झाडून काढली, जमिनीवर पाणी शिंपडलं म्हणजे धूळ उडणार नाही. तोंडाला मास्क बांधून रंगाऱ्यानं दिवे स्पिरिटनं पुसले आणि वरचा पारदर्शक थर मारून दाखवला. त्याच्या दिव्यावर तो मारताना हात डावीकडून उजवीकडे असा जाई की बघत राहावं. बाईंच्या दिव्यावर बाईंनी मारला, थोडा जाड झाला, पण ओघळला नाही. रंगारी म्हणाला, बरा आहे. त्याच्या तोंडून "बरा आहे" म्हणजे काय, हे सुतारानं नंतर बाईंना सांगितलं. त्याच्या स्वतःच्या मुलाला तो एवढ्या वर्षांत एकदाच तसं म्हणाला होता.

चोवीस तास कोणी हात लावायचा नाही, असं बजावून रंगारी हात धुवायला गेला. बाई मास्क सोडत होत्या. तेवढ्यात नणंद डबा घेऊन आली, दिव्यांपाशी वाकली आणि वाळलंय का बघावं म्हणून तिनं बाईंच्या दिव्यावर अंगठा टेकवला.

वाळलं नव्हतं. काचेच्या मधोमध अंगठ्याचा ठसा उमटला, एकेक रेघ मोजून घ्यावी इतका स्पष्ट. रंगारी परत आला तेव्हा नणंद अंगठा हवेत धरून तशीच उभी होती. तो चांगलाच संतापला. पण तो एवढंच म्हणाला की चोर असता तर पोलिसांचं काम सोपं झालं असतं. यावर आधी दारातून बघणारा सुतार हसला, मग बाई, आणि शेवटी खुद्द नणंदच इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी तो थर घासून काढावा लागला आणि बाईंनी पुन्हा नव्यानं मारला. दुसरा पहिल्यापेक्षा सरस झाला, त्यामुळे नणंदेनं त्याचं श्रेय स्वतःकडे घेतलं.

थर नीट कडक होईपर्यंत गाडी दोन-तीन दिवस शेडमध्येच ठेवायची होती. ते दिवस बाईंनी वाया घालवले नाहीत. शेडचं दार पुढे लोटून त्या रंगाऱ्याला चालकाच्या जागेवर बसवत आणि बंद गाडीतच क्लच, ब्रेक, गियर यांची तालीम घेत. पायांना आधी कळू दे, डोक्याला नंतर सांगू, असं त्यांचं म्हणणं होतं. रंगारी घामानं निथळे. ज्या गाडीचा पत्रा त्याला तळहातासारखा माहीत होता, तिच्या आत बसल्यावर तो पाहुण्यासारखा अंग चोरून बसे.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपण होऊन जुनी गोष्ट सांगितली. बावीस वर्षांचा असताना तो ज्या उस्तादाकडे काम शिकत होता, त्यांनी एक मोठी काळी गाडी महिनाभर खपून रंगवली होती. आरशासारखी झाली होती. उस्ताद म्हणाले, जरा मागे घे. येत नाही हे सांगायची लाज वाटली. घेतली, ती थेट फाटकाच्या खांबावर. उस्ताद नुसते आत जाऊन बसले. त्यानंतर त्यानं गाडीच्या आत पाय ठेवला नाही.

बाईंनी सगळं ऐकलं. त्यांनी त्याचं सांत्वन वगैरे केलं नाही. एकच प्रश्न विचारला.

"मागे घेताना तुम्ही बघत कुठे होतात?"

रंगाऱ्यानं विचार केला. "उस्तादांच्या तोंडाकडे."

"मग गाडीचा काय दोष आणि तुमच्या हातांचा तरी काय?"

रंगाऱ्यानं स्टिअरिंगवर हात ठेवले आणि तालीम पुन्हा सुरू केली. त्या दिवशी त्यानं क्लच पहिल्यांदा अगदी सावकाश सोडला, असं बाईंनी घरी येऊन नणंदेला सांगितलं.

मुदतीच्या चौदाव्या दिवशी बाई पुन्हा तपासणी केंद्रावर गेल्या. या वेळी नणंदही सोबत. अधिकारी मुलीनं गाडी यंत्रासमोर घेतली आणि दिवे लावले. भिंतीवर उजेड पडला तो पांढरा, वरची कड अशी सरळ की पट्टी ठेवून आखावी. मुलीनं आकडा पाहिला, बाईंकडे पाहिलं आणि शिक्का मारला. मग बिल्ला वगैरे विसरून वाकून दोन्ही काचा जवळून बघितल्या आणि हे कोणी केलं विचारलं. उजवा मी, डावा एका चांगल्या माणसानं, असं बाई म्हणाल्या. तिला दोन्हींतला फरक सांगता आला नाही, आणि हे ऐकून बाई दिवसभर हवेत होत्या.

मुलगी म्हणाली की अशा आंधळ्या दिव्यांच्या दहा-पंधरा गाड्या रोज येतात आणि लोक भांडतात. ते टिकवायचे कसे, एवढं कागदावर लिहून दिलंत तर भिंतीवर लावते. कागद नणंदेनं लिहिला, मोत्यासारख्या अक्षरात. गाडी सावलीत लावा, सावली नसेल तर तोंड उन्हाकडे करू नका, आणि लांब कुठे जायचं असेल तर दिव्यांवर जुनी चादर टाकून जा. दिवे साबणाच्या पाण्यानं, मऊ फडक्यानं धुवा. कोरड्या फडक्यानं धूळ पुसाल तर चरे पडतील. तीन-चार महिन्यांनी ऊन अडवणारं पॉलिश हातानं लावा. कोणी घासून चमकवून दिलं तर वर थर दिला का ते विचारा, नसेल दिला तर ते काम अर्धंच झालंय. आणि सर्वांत खाली, बाईंना न विचारता, तिनं आणखी एक ओळ घातली: दिव्यांवर मच्छर मारायचा फवारा मारू नये, स्वानुभव.

आता रंगाऱ्याची पाळी होती. त्याचा शिकाऊ परवाना आला आणि बाई त्याला भल्या सकाळी, गल्ली जागी व्हायच्या आत, बाजारामागच्या मोकळ्या मैदानावर न्यायला लागल्या. कोणी विचारलंच तर नव्या थराची चाचणी चालू आहे असं सांगायचं ठरलं होतं. पहिल्या दिवशी गाडी अकरा वेळा बंद पडली. तिसऱ्या दिवशी तो मैदानाला दोन फेऱ्या मारून आला आणि उतरल्यावर त्यानं गाडीच्या टपावर थोपटलं. गाडी मागे घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र तो अडून बसला. बाई उतरल्या, मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आता मी इथे उभी आहे, पण माझ्या तोंडाकडे बघायचं नाही, आरशात बघायचं. तो आला. एकेक वीत मागे येत राहिला आणि बाईंच्या पायांपासून दोन हातांवर थांबला. बाई जागच्या हलल्या नव्हत्या, पण त्यांनी श्वास रोखून धरला होता हे त्यांनी पुढे कितीतरी दिवस कोणाला सांगितलं नाही.

परीक्षेत तो पहिल्या वेळी नापास झाला, पण गाडी मागे घेण्यात नव्हे. ते त्यानं झक्क केलं. नापास झाला तो हळू चालवल्याबद्दल. परीक्षक म्हणाले की मागची सायकल आपल्याला ओलांडून गेली. रंगारी म्हणाला, रंग ओला असल्यासारखं वाटत होतं, जोरात कसा नेऊ.

दुसऱ्या परीक्षेच्या सकाळी तो बाईंच्या दारात येण्यासाठी गल्लीतून चोरासारखा निघाला, तेव्हा समोरचा शिंपी दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्याच्या हातात एक जाडजूड चौकोनी उशी होती, टिकाऊ कापडाची, दुहेरी शिवणीची. बुटक्या माणसाला सीटवर बसून बोनेटपलीकडचं दिसत नाही, ही खाली घे, असं म्हणून त्यानं ती रंगाऱ्याच्या काखेत खुपसली. रंगारी थिजून उभा राहिला. तुला कधीपासून माहीत आहे, असं त्यानं विचारलं.

"तू दुकान टाकलंस त्या दिवसापासून," शिंपी म्हणाला. "गल्लीत सगळ्यांनाच माहीत आहे. तुला वाईट वाटेल म्हणून कोणी बोललं नाही."

मागून सुतार कानावरची पेन्सिल सारखी करत म्हणाला की आपली तर एवढ्या वर्षांत पाठ मोडून गेली, आता तरी पास हो.

रंगारी उशी घेऊन बाईंकडे पोचला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, आणि बाईंनी ते रंगाच्या वासामुळे असतील असं धरून चालल्यासारखं दाखवलं. त्या दिवशी तो पास झाला.

पुढच्या रविवारी त्यानं बाईंची गाडी दिवसभरासाठी मागितली. त्याची बायको तीस वर्षं बहिणीकडे बसनं जात होती, दोन बस बदलून. या वेळी तो तिला घेऊन गेला. ती मागच्या सीटवर बसली, कारण पुढे बसायची तिला सवय नव्हती आणि पुढे बसून काय काय दिसेल याची धास्ती होती. अर्ध्या वाटेवर चहाला थांबल्यावर ती आपण होऊन पुढे येऊन बसली आणि येताना म्हणाली, लांबच्या रस्त्यानं घे.

सोमवारी सकाळी ती ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात उभी होती. नणंदेनं आपल्या विमानतळावरच्या आवाजात नाव विचारलं, पत्ता विचारला, वय विचारलं. वयाच्या जागी ती जरा अडखळली आणि म्हणाली, लिहा, नवऱ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मग तिनं बाईंना बाजूला घेऊन विचारलं की शिकताना नवऱ्याला मागे बसवलं तर चालेल का, त्याला फार हौस आहे.

बाई म्हणाल्या, चालेल की, फक्त त्याचे हात पाठीमागे बांधून बसवू.